लोखंडी कॉन्ड्युइटच्या फिटिंग्जमधलं नेमकं काय कुठे लागतं?

तुमचा प्रश्न असा आहे की शेडमध्ये भिंतीवरून उघडी लोखंडी कॉन्ड्युइट (वायर आतून नेण्याचा पाइप) टाकायची आहे आणि यादीत कपलर, बेंड, एल्बो, टी, चेकनट, बुश असं सगळं आलंय. त्यातलं खरोखर काय लागतं? मी वर्षानुवर्षं हेच काम करतो. माझी पद्धत सांगतो: फिटिंग ठरवताना आधी वायर डोळ्यांसमोर आणायची. ती आतून ओढली जाणार आहे, आणि कधीतरी बदलावीही लागणार आहे.

दोन सरळ पाइप जोडायला कपलर. दोन्ही पाइप क्लॅम्पमध्ये पक्के असतील आणि एकही फिरवता येत नसेल, तर एकावर लांब आटे पाडून कपलर त्यावर पूर्ण मागे न्यायचा, मग दुसऱ्या पाइपवर फिरवत आणायचा आणि मागून चेकनटने (पाइपच्या आट्यांवर बसणाऱ्या पातळ नटने) आवळायचा.

वळणावर शक्यतो मोठ्या गोलाईचा बेंडच घ्या. एल्बो आणि टी दिसायला सुटसुटीत, पण आतला कोपरा इतका आखूड असतो की वायर तिथेच अडते आणि जोर लावला की सोलवटते. घ्यायचेच असतील तर झाकणवाले घ्या, झाकण उघडून वायर हाताने पुढे सरकवता येते. फाटे फोडायला मात्र मी टीपेक्षा जंक्शन बॉक्सच वापरतो, कारण वायरचा जोड बॉक्समध्येच हवा, पाइपमध्ये कधीच नाही. अमेरिकेच्या एनईसी या वायरिंगच्या नियमावलीनुसार दोन बॉक्सच्या मधली सगळी वळणं मिळून ३६० अंशांवर जाता कामा नयेत, म्हणजे चार काटकोन. मी दोनवरच थांबतो, तिसरं आलं की मध्ये बॉक्स.

आता बुश, म्हणजे पाइपच्या तोंडावर बसणारं गुळगुळीत कडेचं कडं. यादीतून सगळ्यात आधी हाच गळतो. एका मोटारीचा ब्रेकर अधूनमधून पडायचा. वाइंडिंग तपासलं, ठीक होतं. मोटारीचा टर्मिनल बॉक्स उघडला, तर पाइपच्या कापलेल्या कडेवर वायर टेकलेली. थरथरीने घासून घासून आवरण नखाएवढं गेलेलं आणि आतलं तांबं चमकत होतं. तिथे बुश बसवलेलाच नव्हता. म्हणून पाइप कापला की आतली धार कानशीने किंवा रीमरने काढा, बोट फिरवून बघा. बॉक्सला जोडताना क्रम असा: बाहेरून एक चेकनट, आतून दुसरा, आणि पाइपच्या तोंडावर बुश. चेकनट बसतो तिथला रंग खरवडा, नाहीतर बॉक्स आणि पाइप यांच्यात अर्थिंग नीट मिळत नाही. आणि मोटारीपर्यंतचा शेवटचा हातभर तुकडा फ्लेक्झिबल पाइपचा ठेवा.

सॅडल (पाइप भिंतीला धरणारी पट्टी), रिड्यूसर यांत फार विचार करण्यासारखं काही नाही; रिड्यूसर फक्त मोठ्या आट्यांच्या भोकात लहान पाइप बसवायला. ज्वालाग्राही वायू असलेल्या जागी मात्र सीलिंग फिटिंग वेगळी येते, तिच्यात कंपाउंड भरून ज्वाला पाइपमधून पुढे जाणं रोखतात. तुमच्या शेडमध्ये तसं काही असेल तर त्या कामाचा माहितगार माणूस बोलवा.

लोखंडाऐवजी पीव्हीसी घेणार असाल तर एक गोष्ट बदलते. ते उन्हात लोखंडाच्या पाचपट तरी वाढतं. दहा मीटरची सरळ लाइन ३० अंशांच्या फरकाने जवळपास दोन सेंटीमीटर लांब होते, म्हणून लांब लाइनमध्ये एक्सपान्शन कपलर (पाइपला आत-बाहेर सरकू देणारा जोड) टाका आणि सॅडल इतके घट्ट आवळू नका की पाइप सरकणारच नाही.