नाशिकमध्ये आर्किटेक्टची प्रॅक्टिस सोडून बिल्डर व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला आठ वर्षं आर्किटेक्ट म्हणून प्रॅक्टिस झाली, बंगले आणि छोटी अपार्टमेंट केली, आता स्वतःचा प्रकल्प करायचा आहे. त्यासाठी एमबीए करावं का, पहिला प्लॉट विकत घ्यावा की जमीनमालकाशी करार करावा, आणि नाही जमलं तर परत येता येईल का? मी प्रकल्पांच्या परवानग्या आणि हिशेब बघतो, त्या बाजूने सांगतो.

एमबीएवर दोन वर्षं घालवू नका. नकाशा, नियमावली, साइट हे तुम्हाला येतंच. जमिनीचे कागद वाचणं आणि कोणत्या महिन्यात किती पैसा येणार, किती जाणार हे मांडणं, या दोन गोष्टी शिकायच्या राहिल्या आहेत. आर्किटेक्टचं काम जमीन ठरल्यावर सुरू होतं. बिल्डरचा नफा-तोटा मात्र बहुतेक वेळा जमीन ठरतानाच ठरून गेलेला असतो.

आधी कागद. मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी या बाजूच्या बहुतेक जमिनी मूळच्या शेतकरी कुटुंबांच्या आहेत. चालू सातबारा स्वच्छ दिसतो म्हणून थांबू नका, त्यामागचे सगळे फेरफार काढा. ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळ, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा सापडतो. भोगवटादार वर्ग 2 (हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर परवानगी आणि नजराण्याशिवाय, म्हणजे सरकारला भरायच्या रकमेशिवाय, व्यवहार पुढे जात नाही. जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर 32-म चं, म्हणजे कुळाने जमीन खरेदी केल्याचं, प्रमाणपत्र बघायला मागा. सर्वांत जास्त व्यवहार अडतात ते बहिणींच्या हक्कावर. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ‘बहिणींनी सोडलंय’ असं मालक तोंडी सांगतात, पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर तुमच्या लेखी ती बहीण सहहिस्सेदारच आहे आणि करारावर तिची सही लागेल. वकिलाकडून किमान 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, आणि मगच विसाराची मोठी रक्कम सोडा. कागद पक्के होईपर्यंत विसार नाममात्र ठेवायला जो मालक अजिबात तयार नाही, त्याची जमीन मी सोडून द्यायला सांगतो.

सरकारी मोजणीही विसाराआधीच करून घ्या. सातबाऱ्यावर 1000 चौरस मीटर आणि जागेवर 950 भरले तर परवानगीसाठी कमी असलेलं क्षेत्र धरतात, आणि ते 50 चौरस मीटर पुढे 180 चौरस मीटर बांधकाम खातात, ते कसं ते खालच्या हिशेबात दिसेल. नासर्डी, वालदेवी किंवा गोदावरीजवळ जागा असेल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर स्वतः उतरवून बघा. देवळाली छावणी किंवा गांधीनगर विमानतळाच्या आसपास असेल तर लष्कराच्या ना-हरकतीचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारा.

आता क्षेत्रफळ. गावठाणाबाहेर 12 मीटर रस्त्यावरचा 1000 चौरस मीटरचा प्लॉट घेऊ. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या यूडीसीपीआरप्रमाणे (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, 1.1, प्रीमियम भरून 0.5, टीडीआर (दुसऱ्या जमिनीचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) 0.65, एकूण 2.25. त्यावर निवासी वापराला, बाल्कनी-जिन्यांसारख्या जागांसाठी, 60 टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी. म्हणजे 2250 चे 3600 चौरस मीटर झाले. हाच प्लॉट 9 मीटर रस्त्यावर असता तर 3200 वर थांबला असता. सिंहस्थाच्या कामांच्या बातम्या सांगून रुंद रस्त्याचा भाव मागणारे खूप भेटतात. रस्ता विकास आराखड्यात किती, ताब्यात किती आणि जागेवर किती, हे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

3600 हा आकडा दलालालाही पाठ असतो. तो त्या प्लॉटवर बसतो का, हे मात्र तुम्हीच सांगू शकता, आणि या व्यवसायात आर्किटेक्टला खरा फायदा मिळतो तो इथेच. उंची वाढली की बाजूची सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) वाढतात आणि मजल्याचं क्षेत्र आक्रसतं. एका गाडीला 2.5 बाय 5 मीटर जागा लागते, म्हणजे दोन गाड्यांच्या गाळ्यात खांबांमध्ये निव्वळ 5 मीटर सुटायला हवेत. वरच्या बेडरूमच्या मापाने खांब टाकले तर तिथे 4.6 मीटर उरतात आणि प्रत्येक गाळ्यात दोनऐवजी एकच गाडी मावते. गाड्या बसल्या नाहीत तर तेवढे फ्लॅट मंजूर होत नाहीत आणि टीडीआरचा पैसा अडकतो. त्यामुळे जमिनीचा भाव बोलण्याआधी आधी पार्किंगचा नकाशा काढा, फ्लॅटचे नंतर. दोन-तीन ट्रायल पिट, म्हणजे माती तपासायचे खड्डे, तेही घ्या. काळी माती किती खोल आहे आणि कातळ कुठे लागतो यावर पाया आणि तळघर दोन्हींचा खर्च हलतो.

पैशाची मांडणी दाखवतो. खालचे दर फक्त पद्धत कळावी म्हणून धरले आहेत, तुमच्या भागातले दर तुम्ही घाला. 3600 चौरस मीटरपैकी 70 टक्के कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) धरली तर साधारण 27,000 चौरस फूट होते. 6500 रुपये दराने विक्री 17.55 कोटी. खर्चात जमीन 3.5 कोटी, पार्किंगसह 45,000 चौरस फूट बांधकाम 2000 रुपयांनी 9 कोटी, प्रीमियम-टीडीआर-विकास शुल्क 1.25 कोटी, सल्लागार, नोंदणी आणि विक्रीखर्च 90 लाख, व्याज 1.2 कोटी. एकूण 15.85 कोटी, म्हणजे हातात 1.70 कोटी. आता प्रकल्प एक वर्ष लांबला आणि सरासरी 4.5 कोटी कर्ज 15 टक्क्यांनी उभं असेल, तर 67.5 लाख गेले. विक्रीचा दर 5 टक्के खाली आला तर आणखी 87.75 लाख गेले. दोन्ही एकदम झालं तर चार वर्षांच्या मेहनतीचे पंधरा लाखही उरत नाहीत. या तक्त्यात फसाडवर (इमारतीच्या दर्शनी भागावर) केलेली बचत शोधूनही सापडणार नाही. वेळ आणि विक्रीदर हेच दोन आकडे सगळं फिरवतात, म्हणून हाच तक्ता महिनावार करा.

इथे आर्किटेक्ट हमखास चुकतात ते जीएसटीत. अंदाजपत्रकाखाली ‘कर वेगळे’ लिहायची आपल्याला सवय असते. पण 1 एप्रिल 2019 पासून चालू बांधकामातल्या घरांवर ग्राहकाकडून 5 टक्के घेतो आणि इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. 90 चौरस मीटर कार्पेट आणि 45 लाखांच्या आतल्या घरांवर तर 1 टक्काच. त्यामुळे सिमेंटवर, कंत्राटदाराच्या बिलावर, तुमच्याच सहकारी सल्लागाराच्या फीवर भरलेला कर हा सरळ तुमचा खर्च. वरचा 2000 रुपयांचा दर करासकट आहे का, हे प्रत्येक कोटेशनला विचारा.

पहिला प्लॉट विकत घ्यावा का? माझं मत, घेऊ नका. खासगी बिल्डरला जमीन घ्यायला बँका कर्ज देऊ शकत नाहीत, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. मग ती रक्कम घरातून किंवा खासगी व्याजाने येते, आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं. त्याऐवजी विकासन करारनामा करा, म्हणजे जमीन मालकाची, बांधकाम तुमचं, आणि मालकाला बांधलेल्या क्षेत्रात हिस्सा द्या. करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र दोन्ही नोंदवा. मुद्रांक खरेदीखताच्या तोडीचा लागतो, तो तक्त्यात आधीच धरा. मालक एक व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर नोंदणीकृत कराराने त्याचा भांडवली नफ्याचा कर पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षात जातो. मात्र दाखल्याआधी त्याने आपला हिस्सा विकला तर ती सवलत जाते. हे त्याला सही करण्याआधी, त्याच्या सीएसमोर बसून सांगा. महारेरात (राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) बांधकामात हिस्सा घेणारा मालकही प्रवर्तक, म्हणजे प्रकल्पाला जबाबदार, धरला जातो, हेही त्याला आधीच कळलं पाहिजे.

महारेराचं गणित तुमच्या वेळापत्रकाशी जोडलेलं आहे. ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि काम जितकं झालं त्या प्रमाणात, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांच्या दाखल्यांवर निघतात. नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. म्हणजे पायाचा आणि जोत्याचा खर्च बुकिंगवर भागेल ही आशा धरू नका, तेवढं भांडवल हातात हवं. दुसरी गोष्ट सवयीची आहे. काम चालू असताना नकाशा सुधारत राहणं हा आपला स्वभाव. विक्री सुरू झाल्यावर मंजूर आराखडा बदलायचा तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. जी सुधारणा सुचायची ती नोंदणीआधी सुचू द्या.

नाशिककरांना कपाटांचा प्रश्न आठवत असेल. एफएसआयबाहेर धरलेली कपाटं पुढे मोजणीत घेतली गेली आणि अनेक इमारतींचे भोगवटा दाखले वर्षानुवर्षं अडकले. आर्किटेक्टचं त्यात शेवटचं बिल राहिलं असेल. बिल्डरचे शेवटचे हप्ते थांबले आणि व्याज चालू राहिलं. यूडीसीपीआरमध्ये पी-लाइनच्या (मजल्याच्या बांधकामाची बाहेरची कड) आतलं सगळं मोजलं जातं, त्यामुळे तो एक वाद मिटला. पण नियमाचा जो अर्थ लेखी मंजुरीत स्पष्ट नाही, त्याच्यावर विकायचं क्षेत्र उभं करू नका.

प्रत्यक्ष वाट अशी सुचवेन. दीड-दोन वर्षं एखाद्या मध्यम विकसकाकडे नोकरी करा, पण डिझाइन विभागात बसू नका. जमीनखरेदी आणि परवानग्यांचं टेबल मागा, पगार कमी मिळाला तरी चालेल. नोकरी शक्य नसेल तर ओळखीच्या जमीनमालकाच्या प्रकल्पाचं व्यवस्थापन फी आणि नफ्यातल्या छोट्या हिश्श्यावर घ्या. मग स्वतःचा पहिला प्रकल्प 500 चौरस मीटरच्या आतल्या प्लॉटवर किंवा आठ घरांच्या आत करा. त्याला महारेरा नोंदणी लागत नाही, पण 1963 चा मोफा (फ्लॅट विक्रीचा राज्याचा कायदा), सोसायटी स्थापणं आणि अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून देणं, यांतून सुटका नाही. हिशेब मात्र महारेरा लागू असल्यासारखाच ठेवा, वेगळ्या खात्यासकट.

परतीचा रस्ता उघडा राहतो. वास्तुकला परिषदेची नोंदणी नूतनीकरणाविना पडू देऊ नका. स्वतःच्या प्रकल्पाचा महारेराचा फॉर्म 1 (काम किती झालं त्याचा दाखला) आणि पूर्णत्वाचा फॉर्म 4 दुसऱ्या आर्किटेक्टकडून घ्या. पैसे सोडवणारा आणि काम झालं म्हणून सही करणारा माणूस एकच असला की ग्राहक आणि बँक दोघांचाही विश्वास जातो. अवघड जाईल ते तुमचे सध्याचे बिल्डर क्लायंट. तुम्ही जमीन शोधताय हे कळल्यावर ते नवा प्लॉट दाखवायला तुमच्याकडे येणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ज्या दिवशी ठरवाल त्याच दिवशी त्यांना लेखी कळवा, आणि त्यांनी सल्ल्यासाठी दाखवलेली जमीन, त्यांनी सोडली तरी, त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.