घरातल्या 'अरेका पाम'ला सुपारी लागते का? आणि त्याची पानं पिवळी का पडतात?

नाही लागत. दहा वर्षं थांबलात तरी नाही. नर्सरीवाले ज्याला 'अरेका' म्हणतात तो मादागास्करचा पाम, डिप्सिस लुटेसेन्स. खरी अरेका म्हणजे अरेका कॅटेचू, आपली पोफळ, सुपारीचं झाड. कुंडीत एकाच जागी दहा-पंधरा काड्या फुटल्या असतील तर ती पोफळ नव्हे. पोफळीला खोड एकच, सरळसोट, हिरवं, गळून गेलेल्या झावळ्यांची वळी असलेलं.

मी श्रीवर्धनचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी मोडल्या. पुढच्या वर्षी इथे पुण्यात सोसायटीच्या गेटपाशी झाडं लावायची ठरली, तेव्हा मी म्हटलं, पोफळींची रांग लावू. रोपं घरून आणतो, फुकट. सेक्रेटरी म्हणाले, "फुकट नको, ऑडिटला बिल लागतं." मग नर्सरीत ऑर्डर. घोळ नको म्हणून मी मुद्दाम शास्त्रीय नाव लिहून दिलं: अरेका कॅटेचू, २४ नग.

टेम्पोतून उतरली ती पिवळ्या देठांची झुडपं. बिलावर मात्र 'अरेका कॅटेचू', नगाला ३५० रुपये. मी म्हटलं, ही ती नव्हेत. नर्सरीवाला म्हणाला, "दादा, अरेका म्हणजे अरेका. सगळे हेच नाव लिहितात." आणि सेक्रेटरी मला म्हणतात, "बिलावर बरोबर आहे ना? मग झालं." वर पेंटर बोलावून फलक रंगवून घेतला: 'अरेका कॅटेचू (सुपारी)'. तेव्हापासून मी सोसायटीतला किरकिऱ्या.

सगळे हेच नाव लिहितात, हेच तर दुखणं आहे. आमच्या शेजारच्या बंगल्यात 'बॉटल पाम' म्हणून लावलेले रॉयल पाम आता विजेच्या तारांना भिडलेत. खरा बॉटल पाम मॉरिशसकडचा, बुटका. रॉयल पामचं खोड लहानपणी बुंध्याशी फुगतं, तेवढ्यावर खपवतात. म्हणून नावावर झाड घेऊ नका, खोड बघून घ्या.

पिवळेपणाचं म्हणाल तर देठ पिवळे असणं हा त्याचा स्वभावच आहे, लुटेसेन्सचा अर्थच पिवळट. पातीच पिवळी पडत असेल तर बहुतेक पाणी जास्त होतंय.

बाकी शास्त्रज्ञही काही कमी नाहीत. याच झाडाला आधी क्रिसॅलिडोकार्पस म्हणत, १९९५ मध्ये डिप्सिस केलं, २०२२ मध्ये परत क्रिसॅलिडोकार्पस. पण कॅटेचू त्याला कुणी केलं नव्हतं. आणि हेही कबूल करतो की पुण्याच्या कोरड्या हवेत पोफळ फार रमली नसती. पण तो निर्णय आमचा असायला हवा होता, नर्सरीचा नव्हे.

गेल्या गणपतीत मालवणकडच्या एक काकू तळमजल्यावर राहायला आल्या. माटवीला, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीला, सुपारीचं शिंपुट (घोस) मिळेल म्हणून फलक वाचून गेटपाशी गेल्या आणि तिथूनच मला हाक मारली, "अरे, ही पोफळ खंयची?" त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

फलक अजून आहे. पुसायचे दीडशे रुपये मी देतो म्हटलं, तर सेक्रेटरी म्हणतात, "विषय मीटिंगमध्ये घ्या."