चांगल्याच डोळ्यावर पट्टी?

"मॅडम, अधू डोळा सोडून चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितलीय. लिहिताना चूक तर झाली नाही ना?" आईनं केसपेपर माझ्यापुढे सरकवला. नेत्रविभागात समुपदेशन करताना हा प्रश्न सारखा येतो, आणि विचारणारा माणूस शहाणाच असतो.

मुलगी दुसरीतली. तिला चिमी म्हणू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं, तेव्हा उजवा डोळा तळहातानं झाकून ती तक्ता घडाघडा वाचत होती, बोटांच्या फटीतून! सिस्टरनी हाताऐवजी पुठ्ठा धरला आणि चिमी गप्प झाली.

डावा डोळा नाकाकडे वळतो, हे घरी ठाऊक होतंच. "तिरळी पोर भाग्याची असते," आजी म्हणाल्या. मी यावर वाद घालत नाही. असेल भाग्याची, पण त्या डोळ्यानं दिसायला नको का?

आईला म्हटलं, दोन डोळे दोन दिशांना बघायला लागले की मेंदूकडे दोन वेगळी चित्रं जातात. लहान मुलाचा मेंदू वळलेल्या डोळ्याचं चित्र सोडूनच देतो. मग आतून धडधाकट असलेला डोळाही कामाविना आळशी होतो. त्याला राबवायचं तर चांगल्याला थोडा वेळ सुट्टी द्यावी लागते. सात-आठ वर्षांच्या आत गुण चांगला येतो, पुढे कमी होत जातो. ऑपरेशननं डोळा सरळ होईल, पण आळशी डोळ्याची नजर त्यानं येत नाही.

"पण चांगलाही बिघडला तर?" भीती अगदीच खोटी नाही. क्वचित त्याची नजर थोडी उतरते. म्हणून तर फेरतपासणी चुकवायची नाही आणि पट्टीचे तास आपल्या मनानं वाढवायचे नाहीत.

चिमीला प्लसचा नंबर निघाला. चष्म्यानंच डोळा बराचसा सरळ झाला. पट्टी रोज दोन तास. वर्गात आधीच 'चकणी' म्हणतात, म्हणून ती संध्याकाळी घरीच लावायची ठरली. त्या वेळात बारीक काम हवं, म्हणून आजींबरोबर तांदूळ निवडायचे.

तिसऱ्या खेपेला ती डाव्या डोळ्यानं तक्त्याच्या दोन ओळी खाली उतरली होती. आजींची तक्रार मात्र वेगळीच: "खडे माझ्यापेक्षा जास्त काढते हो, पण पट्टी सुटली की सूप टाकून पळते!"