वर्तमानपत्रातले समीक्षक प्रत्येक मराठी चित्रपटाला तीन-साडेतीन स्टारच का देतात? परीक्षण वाचून तिकीट काढायचं की नाही हे ठरवता येतं का?

स्टार बघून नाही ठरवता येत. मजकूर वाचून बऱ्यापैकी येतं, फक्त तो कुठून वाचायचा हे कळलं पाहिजे. आणि 'पाकिटं मिळतात हो त्यांना' हे नाक्यावरचं उत्तर आधी बाजूला ठेवा. पाकिटं नसतातच असं मी म्हणत नाही. पण तीन-साडेतीनची जी रांग तुम्हाला दिसते ती पाकिटांनी लागलेली नाही. ती लागते पानावरच्या जागेमुळे, गुरुवार रात्रीच्या घाईमुळे आणि 'मराठी आहे, सांभाळून घ्या' या एका वाक्यामुळे.

पाचाची पट्टी नावालाच आहे. अर्धा किंवा एक स्टार सहसा कोणी देत नाही, कारण तेवढ्या टाकाऊ चित्रपटासाठी पानावर जागाच काढत नाहीत. साडेचार आणि पाच दिले की चारचौघांत उत्तरं द्यावी लागतात. उरले दोन ते चार. त्यात दोन म्हणजे 'जाऊ नका', अडीच म्हणजे 'जाऊ नका, पण मंडळी ओळखीची आहेत', तीन म्हणजे 'घरी बसून बघा', साडेतीन म्हणजे 'जा' आणि चार म्हणजे 'आत्ता जा'. म्हणजे तुम्हाला सारखेच वाटणारे तीन आणि साडेतीन, यांच्यातच जायचं की नाही याचा निकाल असतो. तो अर्धा स्टार मात्र समीक्षकाच्याच हातचा असतो असं नाही.

दैनिकात परीक्षणाला साधारण तीनशे ते चारशे शब्द मिळतात. त्या पानावर शेवटच्या क्षणी जाहिरात आली की मजकूर खालून कापतात. बातमीला ते चालतं, बातमीत महत्त्वाचं वर असतं. परीक्षण उलटं लिहिलेलं असतं: आधी कथा, मग दिग्दर्शन, मग अभिनय, मग छायाचित्रण-संकलन, आणि 'मात्र' कुठेतरी शेवटच्या तिसऱ्या हिश्शात. खालून कात्री लागली की पहिला जातो तो 'मात्र'.

माझ्याच एका परीक्षणाचं उदाहरण देतो. पेपरचं आणि चित्रपटाचं नाव नको. कौटुंबिक चित्रपट होता. मजकूर ४२० शब्दांचा, स्टार अडीच. कथेला नव्वद शब्द, दिग्दर्शनाला शंभर, अभिनयाला ऐंशी आणि उरलेले दीडशे त्रुटींना. त्रुटी मोघम नव्हत्या. मध्यंतरानंतर नायकाची बहीण पटकथेतून गायब होते ती थेट शेवटच्या लग्नात नव्या पैठणीत उगवते. आई आजारी आहे हे तीन पात्रं तीन वेगवेगळ्या प्रसंगांत एकमेकांना सांगतात, आणि आपल्याला ते पहिल्या दहा मिनिटांतच कळलेलं असतं. वाड्यातल्या रात्रीच्या प्रसंगात कंदील डावीकडे ठेवलाय आणि सगळ्यांच्या तोंडावर उजेड उजवीकडून. संध्याकाळी एका गृहप्रकल्पाची जाहिरात आली आणि मजकूर २७० वर उतरला. काय गेलं ते सांगायला नको. मग उपसंपादकाच्या लक्षात आलं की मजकुरात एकही तक्रार नाही आणि वर स्टार अडीच. विसंगत दिसतं म्हणून त्याने तीन केले. त्याच्या जागी ते बरोबरच होतं म्हणा! मथळा समीक्षक देत नाही, तो डेस्कवर पडतो. पडला: 'हळव्या नात्यांची सुरेल गुंफण'. पुढच्या शुक्रवारच्या जाहिरातीत तोच मथळा पेपरच्या नावासकट नायिकेच्या डोक्यावर छापलेला.

यात कोणी कोणाला छदाम दिलेला नाही. पुरवणीप्रमुखांचं म्हणणं एवढंच होतं की आपल्या माणसांचा चित्रपट आहे, बजेट ते केवढंसं, दीडशे शब्द उणंदुणं काढून काय मिळणार. त्यावर पुढे बोलतोच.

वेळेचंही एक गणित आहे. पत्रकारांसाठीचा खेळ बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी असतो. संकेतस्थळाला मजकूर शुक्रवारी सकाळी हवा असतो, छापील पान शनिवारी-रविवारी. सव्वादोन तासांचा चित्रपट रात्री साडेनऊला सुटला की मजकूर अकरा-साडेअकरापर्यंत हातावेगळा करायचा, म्हणून कथा लांबते. कथा सांगायला विचार लागत नाही. बऱ्याचदा तो खेळ म्हणजेच प्रीमियर असतो. मागच्या रांगेत निर्मात्याचं अख्खं गोत बसलेलं असतं आणि ते प्रत्येक एन्ट्रीला शिट्ट्या मारतं. विनोदी चित्रपटाचं परीक्षण तिथे बसून लिहिलेलं असेल तर 'प्रेक्षागृह हशाने दणाणून जातं' या वाक्याची किंमत शून्य धरा. छोट्या प्रीव्ह्यू थिएटरात आवाजही चोख असतो. तालुक्याच्या थिएटरात पार्श्वसंगीताखाली संवाद बुडतात, ते परीक्षणात येणं शक्यच नसतं.

त्यात एका शुक्रवारी किती चित्रपट लागतात ते बघा. १२ सप्टेंबर २०२५ ला 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी चित्रपट एकदम आले. पुढच्याच शुक्रवारी, अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवून आलेला 'साबर बोंडं'. पान तेवढंच. कोणाला वरची जागा आणि कोणाला दीडशे शब्दांची चौकट, इथेच निम्मं परीक्षण झालेलं असतं. समजा 'दशावतार' आणि 'साबर बोंडं' दोघांनाही साडेतीन स्टार दिले, तर त्यातून तुम्हाला काय कळणार? 'दशावतार'मध्ये दिलीप प्रभावळकर थोर काम करतात हे पोस्टर बघूनही कळतं. वाचकाला हवं असतं ते हे, की प्रभावळकरांच्या बाबुली मेस्त्रीची नजर अधू होतेय आणि मुलगा त्याला काम थांबवायला विनवतोय, इथवरचा चित्रपट एका जातीचा आहे, आणि पुढे तो खाण आणि सूडाकडे वळतो तो दुसऱ्या जातीचा. मला पहिला अर्धा कितीतरी भक्कम वाटला; शिट्ट्या मारायला जाणाऱ्याला नेमका दुसरा आवडेल. 'साबर बोंडं'मध्ये आनंद वडिलांच्या दहा दिवसांसाठी गावी येतो आणि चित्रपटाची चाल सुतकाच्या दिवसांचीच आहे. हे एक वाक्य चार स्टारांपेक्षा जास्त कामाचं.

तेव्हा परीक्षण शेवटाकडून वाचा. 'मात्र', 'तरीही', 'असं असलं तरी' शोधा आणि त्यापुढचं वाक्य नीट बघा. कथा अर्ध्याहून जास्त जागा खात असेल तर पुढे जा, त्या माणसाला वेळ मिळालेला नाही. एकतरी प्रसंग कसा घेतलाय, कॅमेरा कुठे आहे, कोण गप्प आहे, असं काही लिहिलंय का? नसेल आणि वर आठ कलाकारांना आठ विशेषणं वाटलेली असतील, तर मजकूर प्रसिद्धिपत्रकावरून उतरवलेला असू शकतो. दोन पेपरांत तीच विशेषणं त्याच क्रमाने दिसली की शंकाच नको. 'संकलन अधिक घट्ट हवं होतं' म्हणजे चित्रपट वीस मिनिटं लांबलाय. 'छायाचित्रण नेत्रसुखद' म्हणजे कोकण किंवा परदेश, वरून ड्रोनने. 'प्रयत्न प्रामाणिक' आलं की तिकीट काढू नका.

याहून भरवशाचा मार्ग म्हणजे एकच समीक्षक धरणं. तुम्ही स्वतः बघितलेल्या दहाएक चित्रपटांवरची त्याची जुनी परीक्षणं काढा. मतं जुळायची गरज नाही, तो दर वेळी एकाच बाजूला चुकला तरी काम भागतं. माझी कसोटी 'कोर्ट' या मराठी चित्रपटाची आहे. २०१५ साली लागला तेव्हाचं परीक्षण शोधा. कोर्टाचं काम संपतं, दिवे मालवले जातात, आणि चित्रपट तिथे न संपता न्यायाधीशांच्या सुट्टीतल्या सहलीला जातो. त्या शेवटाबद्दल जो 'अनावश्यक लांबण' लिहितो त्याच्या पसंतीचे चित्रपट वेगळे, आणि जो त्या सहलीवर थांबून दोन वाक्यं खर्च करतो त्याच्या पसंतीचे वेगळे. दोन्ही समीक्षक उपयोगी आहेत. त्या शेवटाबद्दल चकार शब्द न काढणारा सोडून द्या.

आता ते सांभाळून घेणं. 'सैराट', 'वाळवी', 'बाईपण भारी देवा' यांना पेपरांनी सांभाळून घेतलं म्हणून ते चालले का? लोकांनी लोकांना सांगितलं म्हणून चालले. 'बाईपण'ला तर बायका ठरवून, गट करून, नटूनथटून गेल्या. उलट अडीचच्या चित्रपटाला तीन आणि तीनच्याला साडेतीन देत गेलं, की चौघांच्या तिकिटाला हजार रुपये मोजून एक कुटुंब तो अडीचचा बघून येतं आणि पुढचा खरोखर साडेतीनचा चित्रपट आला की म्हणतं, येईल की मोबाइलवर. म्हणजे सांभाळलेल्या चित्रपटाचा भुर्दंड चांगल्या चित्रपटाला पडतो. पुरवणीप्रमुखांनी 'बजेट केवढंसं' म्हणताना प्रेक्षकाचं बजेट धरलेलं नव्हतं.

हे सगळीकडे सारखं नाही, हेही खरं. काही पेपरांत परीक्षणाला हात लावत नाहीत. जिल्हा आवृत्तीत तर तोच वार्ताहर सकाळी पाणीटंचाई आणि संध्याकाळी चित्रपट बघतो, त्याच्याकडून 'कोर्ट'च्या शेवटाची अपेक्षा धरू नका. कापाकापीही छापील पानावरचीच. संकेतस्थळावर बऱ्याचदा पूर्ण मजकूर सापडतो, तोच वाचा. स्टार मात्र तिथेही छापील पानावरचेच असू शकतात.

आणखी एक. मल्टिप्लेक्स पुढचे खेळ पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर ठरवतात, आणि छापील परीक्षण तुमच्या हातात पडतं ते त्याच तीन दिवसांत. मोठ्या चित्रपटासाठी सोमवारपर्यंत थांबलात तरी बिघडत नाही. ज्याला तुमच्या शहरात दोनच खेळ मिळालेत त्याच्यासाठी परीक्षणाची वाट बघू नका. विषय बरा वाटत असेल तर शनिवारी जाऊन या, बुधवारी विचाराल तर दुपारी पावणेबाराचा एकच खेळ उरलेला असेल.