बाबासाहेबांच्या चरित्रातून इंग्रजी शिकता येईल का?

खेड्यात क्लास नाही, तर बाबासाहेबांच्या चरित्रातून इंग्रजी शिकता येईल का, असं विचारलंत. नक्की येईल. त्यांची गोष्ट आपल्याला मराठीत तोंडपाठ असते, त्यामुळे अर्थाला अडत नाही. ‘ही वॉज बॉर्न इन महू इन १८९१’, ‘ही वेंट टू न्यूयॉर्क इन १९१३’. कापूस वेचताना मी हीच वाक्यं मोठ्यानं म्हणायचो; ‘गो’चं ‘वेंट’ होतं हे तिथंच डोक्यात बसलं. मग त्यांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९चं भाषण घ्या. वाक्यं लांब आहेत, घाबरू नका. रोज एकच परिच्छेद वाचा, अडलेले शब्द वहीत उतरवा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात दीक्षाभूमीवर पुस्तकांचे भरपूर स्टॉल लागतात, तिथं सोपं इंग्रजी चरित्र शोधा.