राजीनामा देण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

बँकेची नोकरी सोडून नगराध्यक्षपदाला उभं राहायचं म्हणतोस. नोकरीत राहून ते जमत नाही, म्हणून राजीनाम्याची घाई. मी उभा राहिलो तो निवृत्तीनंतर, पेन्शन हाताशी असताना. तुझ्या डोक्यावर घराचा हप्ता आहे. हा फरक धरून पुढचं वाच.

मला हे खूळ लागलं २००८ च्या कर्जमाफीत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असेल तर थकलेलं कर्ज सगळं माफ. त्यावर असेल तर आपल्या जिल्ह्यात २५ टक्के किंवा वीस हजार, जे जास्त असेल तेवढी सूट, तीही बाकीचे भरले तर. आपल्याकडे कोरडवाहू कपाशी. सहा एकरांचा मालकही उसनवारीवरच जगतो. शाखेबाहेर यादी लागली, आणि असाच एक सहा एकरवाला माझ्यासमोर येऊन बसला. "साहेब, माह्या एका एकरानं काय पाप केलं जी?" मी त्याला परिपत्रक वाचून दाखवलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, माठातलं पाणी प्यायला अन् निघून गेला. त्या संध्याकाळी कॅश पहिल्याच फेरीत जुळली, तरी मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही.

मग २०१६ ला नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचं ठरलं, मी अर्ज भरला आणि निवडून आलो. वाटलं, आता नियम आपण करू. कसचं काय! मुख्याधिकारी शासनाचा, ठराव सभागृहाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्या गटाचं. शाखेत माझ्या सहीनं कर्ज निघायचं. इथं साधी नाली मंजूर करायची तरी पाच जणांच्या घरी चहा प्यावा लागे.

बँकेतलं एकच कौशल्य कामी आलं, थकबाकीची यादी वाचणं. तीही अंगावर आली. मालमत्ता करात झोपडीवाल्याकडे दोन-तीनशे रुपये थकलेले, आणि मोठे आकडे सगळे बाजारपेठेतल्या पक्क्या दुकानांचे. त्यात माझ्या प्रचारात जीप देणारेही होते. बँकेत थकबाकीदार मान खाली घालून येतो, नगरपरिषदेत तो हार घेऊन येतो. मी जीपवाल्यापासून वसुली सुरू केली. पुढच्या गणपतीत त्याच्या मंडळाचं आमंत्रण आलं नाही, एवढंच. पैसे मात्र आले.

ते गेले कुठं? पाणीपुरवठ्याच्या वीजबिलात. धरणात पाणी होतं, टाकी होती, नळही होते. बिल थकलं म्हणून पंप बंद. भर मे महिन्यात बायका रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दारात. शिव्या खाल्ल्या, त्या रास्तच होत्या. रस्ता केला की उद्घाटनाला फोटो निघतो, वीजबिल भरलं की काहीच निघत नाही. म्हणून ते सगळ्यात शेवटी भरलं जातं.

आता तुझं. भाषणं नंतर शिकशील. आधी तुझ्या गावच्या नगरपरिषदेचं अंदाजपत्रक मिळव; देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. त्यात कराची मागणी किती, वसुली किती आणि पाण्याचं वीजबिल किती, हे तीन आकडे काढ. मग मला फोन कर. दुपारी नको, कूलरच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही.

तुझा,
जुना मॅनेजर