"आडनाव काय?"

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांचा, मूळचा नांदेडकडचा, पुण्यात जॉब करतो. मी गे आहे, घरी माहीत नाही. आम्ही बौद्ध. इथल्या एका क्वीअर, म्हणजे गे-लेस्बियन-ट्रान्स वगैरे लोकांच्या, ग्रुपमध्ये जायला लागलो तर तिथे नाव सांगितलं की लगेच "आडनाव काय?", डेटिंग अ‍ॅपवर पण तेच. झोप लागत नाही. काउन्सेलरकडे गेलो तर म्हणाले हे 'तसलं' सोड, डिप्रेशन आपोआप जाईल. खरंच गे असल्यामुळे होतंय का हे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही रे. आणि त्या काउन्सेलरकडे परत जाऊ नकोस. डब्ल्यूएचओने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, हे कितीदा सांगायचं यांना!

गे, लेस्बियन, बायसेक्शुअल तरुणांमध्ये डिप्रेशन जास्त दिसतं हे खरंय, पण त्याचं कारण इलान मायर या संशोधकाने 'मायनॉरिटी स्ट्रेस' म्हणून मांडलंय, म्हणजे सतत लपवायचं, आईचा "मुलगी बघू का" म्हणून फोन आला की हसून विषय बदलायचा, ऑफिसात मोबाईल उलटा ठेवायचा, रोज हेच केलं की कुणीही थकेल.

आता जातीचं. दोन त्रास म्हणजे डबल डिप्रेशन असा सरळ हिशोब नसतो. आपल्याकडे जात तसा अमेरिकेत वंश; मायर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये पाहिलं (२००८) तर कृष्णवर्णीय गे-लेस्बियन-बाय लोकांत मानसिक आजार गोऱ्यांपेक्षा कमीच निघाले, पण लॅटिनोंमध्ये (मूळच्या लॅटिन अमेरिकी लोकांत) आत्महत्येचे प्रयत्न गोऱ्यांपेक्षा जास्त. तुझंच बघ ना, जातीवरून कुणी बोललं तर ताठ कसं उभं राहायचं हे तुला घरातूनच, जय भीम म्हणत मिळालंय. गे म्हणून कसं जगायचं ते मात्र घरात कोण शिकवणार, आणि जिथे शिकायला मिळालं असतं तिथले लोक आडनाव विचारत बसलेत. मला वाटतं तुला लागलंय ते इथे.

नवीन काउन्सेलरला पहिल्याच फोनवर विचार, क्वीअर क्लायंट घेता का, जातीबद्दल बोललेलं चालेल का. "आम्ही जातबीत मानत नाही" असं उत्तर आलं तर जातीचा त्रास तिथे कुणी ऐकून घेणार नाही, पुढचा नंबर लाव. सरकारी दवाखान्यात गेलास तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ आहे, लैंगिक कल आणि जात दोन्हींवरून भेदभाव करता येत नाही. रात्री फारच वाईट विचार यायला लागले तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

घरी सांगायची घाई नको, आधी झोपेचं बघ.